कणगीचे झाकण आणि कचेरीतला संगणक

कणगी भरली की आपण झाकण घालून ते शेणमातीने लिंपतो. ‘उंदीर अजून दिसला नाही, मग लिंपायचे कशाला?’ असे कोणी शेतकरी विचारीत नाही. आमच्या कचेरीत मात्र नेमका हाच प्रश्न मला ऐकावा लागला.

अनुदानाचे अर्ज आता संगणकावर भरले जातात. त्यात तुमचा आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा सगळे असते. आमच्याकडे त्याचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच डकवलेला होता. एकाच्या नावावर चौघे जण काम करीत. जेवणाच्या सुट्टीत संगणक उघडाच राही.

मासिक बैठकीत मी हा विषय काढला. आमचे भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, इतकी वर्षे काही बिघडले का? की आमच्यावर विश्वास नाही?” सगळे हसले आणि विषय बुडाला. चूक माझीच होती. चारचौघांत बोललो, ते त्यांना चोर ठरविल्यासारखे वाटले.

पंधरा दिवसांनी चहा पिताना मी एकट्या भाऊसाहेबांना विचारले, “नोंद तुमच्या नावाने पडते. उद्या कोणी शेतकऱ्याचा खाते क्रमांक बदलला, तर खुलासा कोण देणार?”

त्यांनी कप खाली ठेवला. “मलाच द्यावा लागेल. मग करायचे काय?”

उपाय मी बरोबर नेला होता. त्याच दिवशी चिठ्ठी निघाली आणि पासवर्ड बदलला. पुढे वरिष्ठांकडून प्रत्येकासाठी स्वतंत्र नाव मागून घेतले. उठताना विंडोजची कळ दाबून एल दाबायचे, म्हणजे पडदा बंद होतो. दर आठवड्याला नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट सांगितली, म्हणून ती पचली.

ऑपरेटर ताईंची अडचण वेगळी होती. “अपडेट लावले की काम थांबते,” त्या म्हणत. त्यांना मी मे २०१७ ची हकीकत सांगितली. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती, ते सापडले. ताईंनीच मग शुक्रवारची संध्याकाळ अपडेटसाठी ठरवली. आता त्या इतरांना शिकवतात.

एक गृहस्थ अजून ऐकत नाहीत. त्यांच्याबाबत मी वरिष्ठांना लेखी टिपण दिले आहे. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

मंडळी, तुमचीही मुले-सुना सोसायटीत, दूध संकलन केंद्रात, पतसंस्थेत संगणकावर बसतात. त्यांना एवढे सांगा: दोष माणसाला देऊ नका, सवयीला द्या. एकांतात बोला. समोरच्याचे काय नुकसान होईल ते दाखवा आणि उपाय हाती घेऊन जा. कुठे पडद्यावर चिठ्ठी दिसली, तर तुम्हीही गोडीने विचारा. आतली माहिती तुमचीच आहे. आणि खात्यातून पैसे फसवणुकीने गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. कणगी लिंपायची ती उंदीर येण्याआधीच.