दात घशात!

“आता गप्प बस, नाहीतर दात घशात घालीन!” मैदानावर भांडण झालं की ही धमकी हमखास ऐकू येते ना? पण दोस्ता, आपल्याकडे एक मासा आहे, त्याला या धमकीची भीतीच नाही. त्याचे दात मुळातच घशात आहेत!

त्याचं नाव सायप्रिनस. नांदेड-लातूरच्या मासळी बाजारात तो रोहू-कटल्याच्या शेजारी पडलेला दिसेल. सोनेरी-तपकिरी अंग, जाड ओठ आणि ओठांना मिशा. किती? मोज बरं. दोन छोट्या, दोन मोठ्या. चार! या मिशांनी तो चिखलात चवीचा माग काढतो. म्हणजे मिशांनी चाखतो!

खाऊ सापडला की तोंड नळीसारखं पुढे येतं. सुर्रर्र! चिखलासकट सगळं आत. मग नको ते थू करून बाहेर. आई सुपात तांदूळ पाखडते ना, तसंच!

आता खरी गंमत. याच्या जबड्यात एकही दात नाही. तोंडात बोट घातलंस तर सगळं मऊ मऊ. पण कल्ल्यांच्या मागे, घशात, आपल्या दाढांसारखे चपटे दात. आणि वर टाळूला एक टणक गादी. खाली वरवंटा, वर पाटा! गोगलगायीचं कवचसुद्धा कडाकड फुटतं.

इतकं बारीक का वाटायचं? कारण या माशाला जठरच नाही! घशातून घास थेट आतड्यात. जणू डबाच नसलेलं दप्तर. साठवायला जागा नाही, म्हणून दिवसभर थोडं थोडं चरणं चालूच.

हा मूळचा युरोप-आशियातला. १९३९ साली तो श्रीलंकेतून निलगिरीच्या थंड पाण्यात आणला गेला. १९५७ साली बँकॉकहून त्याचा भाऊबंद आला, त्याला ऊन मानवतं. रोहूला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. हा मात्र साध्या तळ्यातही घालतो. अंडी चिकट, खसखशीएवढी, पाणवनस्पतींना चिकटलेली. एक किलोची मादी लाखभर अंडी देते. लाखभर!

नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या काठी कुणी या माशासाठी गळ टाकून बसलं असेल, तर जवळ जाऊन बघ. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ. पण पाय आपटू नकोस! सायप्रिनसच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिथून कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी. काडेपेटीच्या टेलिफोनचा दोराच जणू! पिशवी थरथरली की कानाला खबर पोचते.

इंग्लंडमध्ये तर या माशासाठी लोक रात्र रात्र तळ्याकाठी जागतात. १९५२ साली रिचर्ड वॉकर यांच्या गळाला असाच एक लागला, जवळजवळ २० किलोचा! त्यांनी तो खाल्ला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला, आणि तिथे तो पुढे कित्येक वर्षं पोहत राहिला.

कधी बाजारात गेलास किंवा गेलीस, तर मासेवाल्या मावशींना म्हण, “मावशी, सायप्रिनसचा घसा दाखवा ना!”