व्हिडिओत चौकोन, हिरवा पडदा, फाटलेले चित्र : दोष फाइलचा की संगणकाचा?

लग्नाची फिल्म संगणकावर लावली जाते. सगळे घर समोर बसते. अंतरपाट दूर होतो आणि नेमक्या त्याच क्षणी वधूवरांचे चेहरे रंगीत चौकोनांत विरघळतात. दोन सेकंदांनी चित्र पूर्ववत होते, पण घरात चर्चा सुरू होते : फाइल खराब झाली का? संगणक जुना झाला का? अशा वेळी अनेक जण घाईने फाइल 'कन्व्हर्ट' करतात, काही जण ती पुसून नवी प्रत मागवतात. खरे तर दोष कुठे आहे हे ठरवायला बहुतेक वेळा दहा मिनिटे पुरतात. ते ठरवण्याआधी मूळ फाइलला हात लावू नये, हा पहिला नियम.

व्हिडिओ फाइलमध्ये नेमके काय असते?

फुल एचडी चित्राची एक चौकट म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे ६.२ एमबी जागा लागते. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे ५६० जीबी लागतील. प्रत्यक्षात तासाभराची फाइल बऱ्याचदा तीन-चार जीबीचीच असते.

ही बचत 'कोडेक' करतो. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) हे आजचे प्रचलित कोडेक. ते प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतात, त्याला 'की-फ्रेम' म्हणतात. मधल्या चौकटींसाठी फक्त 'काय बदलले' एवढीच नोंद असते. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे कोडेकची नसून डब्याची आहेत. एकाच प्रकारच्या डब्यात वेगवेगळ्या कोडेकचा माल असू शकतो. म्हणूनच दोन एमपी४ फाइलींपैकी एक नीट चालते आणि दुसरी अडते.

चौकोन का दिसतात, हेही यातून कळते. मधली एखादी नोंद बिघडली की पुढच्या चौकटी त्या चुकीवरच रचल्या जातात आणि चित्र विस्कटत जाते. पुढची की-फ्रेम आली की सगळे पुन्हा स्वच्छ होते. व्हिडिओ पुढे सरकवल्यावर क्षणभर करडे किंवा विस्कटलेले चित्र दिसणे हा मात्र बहुधा बिघाड नसतो. प्लेयर मधूनच सुरू झालेला असतो आणि की-फ्रेमची वाट पाहत असतो.

पहिली चाचणी : दोष जागा बदलतो का?

दोष दिसला ती वेळ लिहून ठेवावी, उदाहरणार्थ १२ मिनिटे ४० सेकंद. मग अर्धा मिनिट मागे जाऊन तोच भाग पुन्हा पाहावा.

दर वेळी त्याच जागी तोच दोष दिसला, तर संशय फाइलवर. दोष कधी इथे, कधी तिथे दिसला किंवा दुसऱ्या वेळी दिसलाच नाही, तर संशय संगणकावर, प्लेयरवर किंवा फाइल जिथून वाचली जाते त्या पेनड्राइव्हवर.

यानंतर तीच फाइल दुसऱ्या प्लेयरमध्ये आणि जमल्यास दुसऱ्या संगणकावर लावावी. तिथे ती स्वच्छ चालली, तर फाइल शाबूत आहे. पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून चालवत असल्यास आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. अडखळणारे चित्र कित्येकदा एवढ्यानेच सुधारते.

लक्षणांवरून निदान

*सगळे चित्र हिरवे किंवा गुलाबी, किंवा सतत लुकलुकणारे.* व्हिडिओ उलगडण्याचे काम आजकाल बहुधा ग्राफिक्स चिपवर सोपवलेले असते. तिचा ड्रायव्हर जुना किंवा सदोष असला की असे रंग दिसू शकतात. व्हीएलसी प्लेयरमध्ये 'टूल्स', 'प्रेफरन्सेस', 'इनपुट / कोडेक्स' या मार्गाने जाऊन 'हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग' बंद करावे, सेव्ह करावे आणि व्हिडिओ पुन्हा लावावा. चित्र सुधारले, तर फाइल निर्दोष आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करून ही सोय परत सुरू करून पाहावी, कारण ती बंद असताना सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

*आवाज येतो, पण चित्र काळे.* बहुधा कोडेक ओळखला जात नाही. नव्या मोबाइलचे चित्रीकरण बऱ्याचदा एचईव्हीसीमध्ये असते आणि विंडोजच्या स्वतःच्या प्लेयरला त्यासाठी वेगळी जोडणी लागू शकते. व्हीएलसीमध्ये ती लागत नाही. तिथे कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली की फाइलचा कोडेक कोणता ते दिसते.

*हालणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा.* जुन्या कॅसेटवरून किंवा डीव्हीडीवरून उतरवलेल्या लग्नाच्या फिल्ममध्ये हे हमखास दिसते. भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असत, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत येई : आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते जुळून दिसे. संगणक दोन्ही भाग एकदम दाखवतो, म्हणून हालचालीच्या जागी दात उमटतात. हा बिघाड नाही. व्हीएलसीच्या 'व्हिडिओ' मेनूतील 'डीइंटरलेस' सुरू केले की रेषा जातात. मात्र अशी फाइल डीइंटरलेस न करता लहान-मोठ्या आकारात कन्व्हर्ट केली, तर त्या रेषा चित्रात कायमच्या मिसळतात आणि नंतर नीट काढता येत नाहीत.

*कॅमेरा वेगाने फिरताना चित्र आडवे कापल्यासारखे.* पडदा ताजा होत असतानाच पुढची चौकट आली की वरचा भाग जुन्या चौकटीचा आणि खालचा नव्या चौकटीचा दिसतो. हा दोष पडद्यावर दाखवण्याच्या पायरीतला आहे. फाइलमधल्या चौकटीवर तो नसतो. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ थांबवून 'ई' हे बटण दाबत एकेक चौकट पाहिली, तर प्रत्येक चौकट अखंड दिसते. ग्राफिक्सच्या सेटिंगमधील 'व्ही-सिंक' सुरू करणे हा यावरचा नेहमीचा उपाय.

*रंग फिके, धुतल्यासारखे.* फाइल एचडीआर पद्धतीची आणि पडदा किंवा प्लेयर साधा असेल, तर असे होते. २०२० पासूनच्या बहुतेक आयफोनवर असे चित्रीकरण होते. प्लेयरची नवी आवृत्ती बऱ्याचदा हे सावरून घेते.

*व्हिडिओ बंद केल्यावरही पडद्यावर ठिपके किंवा पट्टे.* हे संगणक सुरू होतानाही दिसत असतील, तर ग्राफिक्स चिप, केबल किंवा पडदा यांपैकी काही तरी बिघडले आहे. केबल बदलून आणि पंख्यातली धूळ काढून पाहावी, मग तंत्रज्ञाकडे न्यावे.

फाइलच बिघडली असेल तर?

आधी मूळ जागा शोधावी. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर किंवा चित्रीकरण करणाऱ्याकडे मूळ फाइल असेल, तर दोन्हींचे आकार शेवटच्या बाइटपर्यंत ताडून पाहावेत. संगणकावरची प्रत लहान भरली, तर कॉपी अर्धवट झाली आहे आणि ती पुन्हा करावी. आकार सारखे असूनही आत फरक असू शकतो, म्हणून मूळ फाइलमधला तोच क्षण तिथेच लावून पाहावा.

कन्व्हर्ट केल्याने हरवलेली नोंद परत येत नाही. उलट बिघडलेले चौकोन नव्या फाइलमध्ये कायमचे छापले जातात. दुरुस्तीचे कोणतेही साधन वापरायचे झाले, तर ते नेहमी प्रतीवर वापरावे.

मोबाइलवरून व्हिडिओ मागवताना तो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो आणि अंधाऱ्या, गर्दीच्या दृश्यांत ठोकळे दिसू लागतात.

आणि मेमरी कार्ड रिकामे करण्याची घाई नको. कॉपी झाली, ती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहिली, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवली, मगच कार्ड पुसावे. संगणक बदलता येतो, प्लेयर बदलता येतो. अंतरपाट दूर होण्याचा तो क्षण मात्र पुन्हा चित्रित करता येत नाही.