गाळ उपसण्याआधी

धरणाच्या पाण्याची पातळी रोज लिहिली जाते, पाण्याचा रंग कुणी लिहीत नाही. त्यामुळे तलाव हिरवा पडला, नळाला मातकट वास आला, की ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी म्हणजे कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. हा ‘कधी’ मला फार वर्षं छळतो आहे. बाभुळगाव तालुक्यातलं बेंबळा धरण या शतकातलं. निळोणा आणि चापडोह ही धरणं अपुरी पडू लागली तेव्हा यवतमाळ शहराने याच पाण्याकडे पाहिलं. म्हणून हा प्रश्न आता केवळ हौशी माणसाचा राहिलेला नाही.

उत्तर तळाशी असतं. शेवाळ मरतं, बुडतं आणि गाळात थर धरतं. त्याची रंगद्रव्यं, डायटम या सूक्ष्म शेवाळांची काचेसारखी कवचं, काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या विश्रामी पेशी मागे राहतात. गाळाचं वय काढायला शिसं-२१० वापरतात. ते दर २२ वर्षांनी निम्मं होतं. जोडीला सीझियम-१३७ असतं. अणुचाचण्यांची धूळ जगभर सर्वाधिक पडली ती १९६३च्या सुमारास, आणि जुन्या तलावांच्या गाळात ती खूण सापडते. बेंबळ्याला हे १९६३ मिळणार नाही, धरणच नंतरचं. पण त्याची गरजही नाही.

पारदर्शक नळी तळात दाबून वर काढली की सगळ्यात वर हाताला लागताच विरघळणारा हिरवट-तपकिरी साका दिसतो. त्याखाली राखाडी पट्टे, मध्येच कुजक्या अंड्याच्या वासाचा काळा थर. आणि त्याहून खाली एकदम घट्ट, चुनखडीचे खडे असलेली काळी माती, नशीब असेल तर पऱ्हाटीच्या मुळ्यांसकट. ती बुडालेली शेतं. ही रेघ म्हणजे पाणी अडवल्याचं वर्ष, प्रयोगशाळेशिवाय मिळालेलं.

विदर्भात हे शास्त्र पूर्वीच येऊन गेलं आहे, तेही लोणारच्या उल्का-विवरातल्या सरोवरात. विवराचं वय ५२ हजार वर्षं की ५ लाख ७० हजार, हे भांडण बाजूला ठेवू. मला रस आहे तो तळातल्या सुमारे दहा मीटर गाळात. जर्मनीच्या सुष्मा प्रसाद आणि त्यांच्या भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी त्यातून सुमारे ११ हजार वर्षांचा पावसाचा इतिहास वाचला आणि २०१४ मध्ये छापला. गेलुसाइट हे खनिज पाणी फार आटलं तरच तयार होतं. ते ज्या थरांत सापडलं, ते लांबलेल्या दुष्काळांचे काळ ठरले: ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक, २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा. हिशोब केला तर तिथल्या एका सेंटीमीटरमागे साधारण ११ वर्षं पडतात. धरणाच्या गाळात तेवढीच जाडी कधी एका पुरात भरते, म्हणून तिथली बखर आखूड पण मोठ्या अक्षरातली.

लोणारच्याच गाळाने एक सावधगिरीही शिकवली. गाळात नत्राचं जड समस्थानिक जास्त दिसलं की सांडपाणी आलं, असं म्हणायची सवय आहे. फिलिप मेन्झेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की तळाशी प्राणवायू नसला, तरी नत्र जड होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या बडवे, कुमारन आणि राजशेखर यांनी १९९३ मध्येच लोणारच्या अतिपोषणावर लिहिलं होतं, तेव्हा तलाव बिघडला याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एकाच खुणेवर निकाल देण्याबद्दल. आपल्या तलावांत तर अडचण दुप्पट: मायक्रोसिस्टिस हे यकृताला घातक विष करू शकणारं शेवाळ विश्रामी पेशी बनवतच नाही. त्याचा माग रंगद्रव्यं आणि गाळातला डीएनए यांतूनच काढावा लागतो.

इथे मला शेवाळांचे अभ्यासक एन. डी. कामत आठवतात. १९६३ मध्ये कोल्हापूरची शेवाळं, १९७५ मध्ये विदर्भाची, आणि १९८४ मध्ये पी. टी. सरोदे यांच्यासह महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यातल्या डायटमचं पुस्तक. नावांच्या याद्या, वाचायला रूक्ष, उद्धृत करणारे थोडे. संशोधनाच्या बाजारात अशा कामाला भाव नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं. डीएपी खतातलं स्फुरद चिखलाला चिकटून ओढ्यांतून तलावात उतरतं, उन्हाळ्यात तळचा प्राणवायू संपला की तेच पुन्हा पाण्यात सुटतं. या चक्राने काय बदललं हे ठरवायला आधीची यादी लागते, आणि विदर्भापुरती ती कामतांनी करून ठेवली आहे.

तिकडे गाळ मात्र चालला आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ची. पोकलेन लावायचं, ट्रॉली भरायची, शेतात पसरायचं. शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही, हलक्या रानाला तळ्याची माती सोन्यासारखी. बुडीत क्षेत्राच्या काठावर गाळपेर होते, तिथले थर नांगराने आधीच कालवलेले. त्यात उन्हाने भेगा पडल्या की रंगद्रव्यंही हवेने जातात. नाशिकची ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांतल्या गाळाचं मोजमाप करते, पण ते किती साठलं याचं. काय साठलं, हे त्या आकड्यात येत नाही.

नळी टाकायची तर जुन्या नदीपात्राच्या आसपास, भिंतीपासून थोडी दूर, जिथे पाणी उन्हाळ्यातही हटत नाही. पोकलेन मे महिन्यात येतं, त्यामुळे हे काम हिवाळ्यातच उरकावं. वर आलेल्या गाळाचे अर्ध्या सेंटीमीटरचे काप करून ते काळ्या पिशवीत बांधायचे, कारण उजेडानेही रंगद्रव्यं मरतात, आणि थेट शीतपेटीत टाकायचे. होडी, नळी आणि बर्फ. एका पोकलेनच्या डिझेलपुढे हा खर्च किरकोळ आहे.