जोडचित्रांचा संच ओळखायचा कसा?

मंडळी, हे कार्ड मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त कडेनं धरा. एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारीशेजारी चिकटवलेत. सारखेच वाटतात ना? पण एक डाव्या डोळ्याला दिसेल तसा आहे, दुसरा उजव्या. म्हणून आमची पहिली परीक्षा अशी: पुढच्या खांबाची कड मागच्या भिंतीवर नेमकी कुठं येते, ते दोन्हींत बघा. तंतोतंत एकाच जागी आली, तर एकच फोटो दोनदा चिकटवलेला आहे. स्टिरिओस्कोपमध्ये घालून काही त्याला खोली येणार नाही. मग भिंग लावा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली स्वस्त प्रत. खऱ्या फोटोत ठिपके नसतात.

काळ पुठ्ठा सांगतो. सपाट पुठ्ठे सहसा आधीचे, किंचित कमानदार साधारण 1880 नंतरचे. अमेरिकी कार्डामागं महसुली तिकीट असेल तर काम सोपं. तो कर 1864 ते 1866 एवढाच होता.

आता संचाकडे येऊ, कारण खरी गोम तिथं आहे. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकी कंपनीचा हिंदुस्थानचा संच घ्या. फोटो जेम्स रिकाल्टन यांचे, सोबतचं पुस्तकही त्यांचंच, 1907 चं. शंभर दृश्यं. प्रवास सुरू होतो मुंबईपासून. सोबत नकाशे, आणि त्यांवर लाल रेघा: तुम्ही कुठं उभे आहात, तुमची नजर कुठून कुठवर जाते, हे दाखवणाऱ्या. म्हणजे घरबसल्या यात्राच. बऱ्याच कार्डांवर मथळ्याआधी कंसात आकडा असतो. तो त्या यात्रेतला मुक्काम.

विक्रेता काय करतो? संच फोडतो. मुंबईचं कार्ड मुंबईकर घेतो, काशीचं आणखी कुणी. पुस्तक आणि नकाशे रद्दीत. मागं राहतात ती सुटी चित्रं, कोण कुठं उभं राहून काय बघत होतं हे न सांगणारी. म्हणून आम्ही सांगतो: कार्डांआधी नकाशे मागा. शंभरातली वीस नसली तरी चालतील, नकाशा हवा. (हे सगळ्यांना पटत नाही, ठाऊक आहे.)

एक फसगत जपा. अंडरवुडच्या निगेटिव्ह पुढं कीस्टोन व्ह्यू कंपनीकडे गेल्या. तेव्हा चित्र तेच, पुठ्ठ्यावरचं नाव मात्र कीस्टोनचं, असं कार्ड खोटं नव्हे. पण अंडरवुडच्या पेटीतली रिकामी जागा त्यानं भरू नका. भरलीच, तर मागं चिठ्ठी ठेवा.

आणि हो, कमान सरळ करायला जाऊ नका. आम्ही एकदा जाडजूड शब्दकोशाखाली कार्ड दाबून ठेवलं होतं. सकाळी बरोबर मधोमध आडवी चीर! ते मुंबईचंच होतं. आता कार्डं उभीच ठेवतो, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच नाही. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कार्ड परत आलं का पुढं?