मोडीचे सोने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या दागिन्याची किंमत तीन आकड्यांवर ठरते: त्यातल्या निव्वळ सोन्याचे वजन, त्या सोन्याची शुद्धता आणि त्या दिवशीचा दर. दर रोज वर्तमानपत्रात छापून येतो. उरलेले दोन आकडे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसतात, आणि मोड देताना जे नुकसान होते ते नेमके याच दोन ठिकाणी होते. आजीच्या पाटल्या, तुटलेली साखळी, एकच उरलेली कुडी, चेपलेला चांदीचा पेला या सगळ्यांना हाच हिशेब लागू पडतो. त्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजांपैकी काही अर्धे खरे आहेत, काही साफ चुकीचे.

जुने सोने म्हणजे बावनकशीच

हा सर्वांत जुना समज. चोख सोने इतके मऊ असते की रोजच्या वापराचा दागिना त्यात टिकत नाही. म्हणून त्यात तांबे किंवा चांदी मिसळावीच लागते. २२ कॅरट म्हणजे २४ पैकी २२ भाग, अर्थात ९१.६ टक्के सोने. भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली. त्याआधीच्या दागिन्याची शुद्धता सोनाराच्या शब्दावर अवलंबून असे. शब्द पाळणारे सोनार पुष्कळ होते, तरीही दागिन्याचा एकूण कस उतरण्यामागे एक तांत्रिक कारण असायचे, ते म्हणजे डाख. दोन तुकडे जोडायचे तर दागिन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळणारा धातू लागतो, आणि तसा धातू करायचा तर सोन्यात तांबे, चांदी, जस्त जास्त घालावे लागते. साखळी, ठुशी, कोल्हापुरी साज यांसारख्या शेकडो जोडांच्या दागिन्यात डाख भरपूर असते. म्हणून सोने २२ कॅरटचे घेतलेले असले तरी अख्खा दागिना वितळवल्यावर टंच, म्हणजे शेकडा शुद्धता, खाली येते. पाटलीसारख्या कमी जोडांच्या दागिन्यात ती तुलनेने चांगली निघते.

आणखी एक कालखंड विसरला जातो. जानेवारी १९६३ मध्ये आलेल्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली होती. ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. त्या वर्षांत नियमानुसार घडवलेल्या दागिन्यात सोने जेमतेम ५८ टक्के असू शकते. त्या काळातल्या लग्नातले मंगळसूत्र आज कमी कसाचे निघाले तर त्यात घडवणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही.

‘केडीएम’ हा शिक्का शुद्धतेचा समजला जातो. तो कॅडमियम वापरून केलेल्या डाखेचा आहे. या डाखेमुळे जोडाचा कस टिकत असे, पण कॅडमियमची वाफ कारागिरांच्या फुप्फुसांना घातक असल्याने मानक ब्युरोच्या नियमांत तिला स्थान नाही. सोने किती कॅरटचे आहे हे त्या तीन अक्षरांवरून कळत नाही.

वजन म्हणजे काट्यावर दिसते ते

जुन्या वहीत ‘३ तोळे’ लिहिलेले असते आणि आज काट्यावर ३५ ग्रॅम दिसतात. यात गूढ काही नाही. जुना तोळा १२ माशांचा, मासा ८ गुंजांचा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात. वहीतल्या तोळ्यांचे आजच्या तोळ्यांत सरळ रूपांतर केले तर प्रत्येक तोळ्यामागे दीड ग्रॅमहून अधिक सोने हिशेबातून निसटते.

उलट बाजूची चूक लाखेची. बोरमाळेचे मणी, साजातली पानड्यांची नक्षी, पोकळ तोडे यांत आकार टिकावा म्हणून लाख भरलेली असते. रेशमाचा गोफ, मेण, काचेचे खडे, साठलेला मळ हेही काट्यावर चढते. समजा, एक बोरमाळ ३५ ग्रॅम भरली. तापवून लाख काढल्यावर २६ ग्रॅम धातू उरला आणि टंच ८६ निघाले. मग चोख सोने झाले २२.३६ ग्रॅम, आणि मोल याच आकड्याचे. आता कोणी टंच न काढता ‘२२ कॅरटचा दर धरू, १० टक्के घट कापू’ म्हटले, तर २६ ग्रॅमचे २३.४ ग्रॅम धरले जातात. त्यात चोख सोने २१.४३ ग्रॅमच बसते. जवळजवळ एक ग्रॅम चोख सोने तोंडी हिशेबात गेले. म्हणून सरसकट घट मान्य करू नये. दागिना समोर वितळवून घ्यावा, लगडीचे वजन करावे, लगडीचे टंच काढावे आणि मग दर लावावा. वितळवताना लाख, मेण आणि मळ जळून जे वजन कमी होते ते सोने नव्हतेच. लगड झाल्यावर त्याच नावाने पुन्हा घट कापण्याला आधार नाही.

घडणावळ आणि खरेदीच्या वेळी भरलेला कर मात्र परत येत नाही. भारी नक्षीचा हार मोडताना जास्त तोटा का दिसतो, याचे हे साधे उत्तर आहे.

घरच्या घरी सोने ओळखता येते

लोहचुंबकाला चिकटले नाही म्हणजे सोने, ही परीक्षा फक्त लोखंड पकडते. तांबे, पितळ, चांदी, शिसे, टंगस्टन यांपैकी काहीच साध्या चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल सोनसाखळीच्या कडीतली पोलादी स्प्रिंग चिकटते आणि घरात विनाकारण घबराट होते. वजनावरून ओळखणेही पूर्ण भरवशाचे नाही, कारण टंगस्टनची घनता सोन्याच्या जवळजवळ बरोबरीची आहे.

कसोटीचा काळा दगड आजही उपयोगी आहे. त्यावर दागिन्याची रेघ ओढून शेजारी माहीत कसाच्या सुईची रेघ ओढतात आणि दोन्हींवर आम्ल लावून रंग कितपत टिकतो ते पाहतात. मुरलेल्या डोळ्याला त्यातून बराच अचूक अंदाज येतो, पण तो अंदाजच. दुकानातले क्ष-किरण यंत्र मिनिटभरात टक्केवारी दाखवते, म्हणून तो आकडा अंतिम मानला जातो. हे यंत्र पृष्ठभागाखालचा काही मायक्रॉनचाच थर वाचते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड मुलामा असेल, किंवा मोजणी नेमकी डाखेवर झाली, तर आकडा फसवतो. त्याच यंत्राने वितळवलेल्या, एकजीव लगडीचे टंच काढले तर ते विश्वासार्ह असते.

सर्वांत खात्रीची रीत अग्निपरीक्षण. धातूचा कण काढून, तोलून, त्यात चांदी घालून तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत तापवतात. शिसे हलके धातू सोबत घेऊन वाटीत शोषले जाते. सोन्याचांदीचा मणी मागे राहतो. तो चेपून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. उरलेले सोने पुन्हा तोलायचे. मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या परीक्षण केंद्रांत सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क असल्याचे सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले होते. लाखांच्या ऐवजापुढे ही रक्कम नगण्य आहे, तरीही ही सोय फारच थोडे लोक वापरतात.

हॉलमार्क नसेल तर विकता येत नाही

हे खरे नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली सक्ती आणि १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झालेला सहा अक्षरी क्रमांक हे नियम दागिने विकणाऱ्या सराफांसाठी आहेत. घरातले बिनहॉलमार्कचे सोने बाळगता येते, मोडता येते, बदलून घेता येते. नवा दागिना घेताना मात्र तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर जरूर तपासावा. तिथे शुद्धतेसोबत दागिन्याचा प्रकारही दिसतो; हातात बांगडी आणि ॲपवर अंगठी असेल तर तो क्रमांक त्या दागिन्याचा नाही.

वितळवलेले सोने हिणकस होते

सोने मूलद्रव्य आहे. कितीही वेळा वितळवले तरी ते थकत नाही. जगात दरवर्षी बाजारात येणाऱ्या सोन्यापैकी साधारण चौथा हिस्सा असाच जुन्यातून आलेला असतो. हिणकस होते ते शुद्धीकरण न करता नुसते आटवून पुन्हा घडवलेले सोने, कारण प्रत्येक खेपेला डाख त्यात मिसळते.

शुद्धीकरणाच्या या कामात महाराष्ट्राचा मोठा हात आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली कुटुंबे गलाईचा व्यवसाय घेऊन देशभरातल्या सराफ पेठांत पोचली आहेत. पारंपरिक पद्धतीत मोडीच्या सोन्यात सुमारे तिप्पट चांदी किंवा तांबे घालून ते मुशीत टाकणखारासह वितळवतात. विरोधाभास वाटावा अशी ही पायरी. पण सोन्याचे प्रमाण चतुर्थांशावर आले की तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, थेट आतपर्यंत पोचते. बाकीचे धातू विरघळतात आणि तळाशी तपकिरी, मातीसारखी भुकटी राहते. ती धुऊन वितळवली की पिवळी लगड हाती येते. द्रावणातली चांदी तांब्याचे पत्रे बुडवून परत मिळवतात. मोठ्या कारखान्यांत वितळलेल्या सोन्यातून क्लोरिन वायू सोडतात किंवा विद्युत् अपघटन करतात. दुसऱ्या रीतीने शुद्धता ९९.९९ टक्क्यांपर्यंत जाते.

सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नाही. झाडलेली धूळ, शेगडीची राख, हात धुतलेले पाणी यांतून झारेकरी सोन्याचे कण वेगळे काढतात. डोळे आणि हात यांच्या जोरावर चाललेला हा धंदा पुनर्वापराचे अस्सल उदाहरण आहे.

हीच रसायने घरी वापरण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. तेजाबातून निघणारा तांबूस वायू फुप्फुसांवर तासांनंतरही आघात करतो. दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याच्या भांड्यात आम्लराज असू शकते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या या मिश्रणात सोने विरघळते; दागिना चकचकीत होऊन परत येतो आणि काही ग्रॅमनी हलका झालेला असतो.

चांदी, नाणी आणि मुलामा

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. काळी पडलेली चांदी खोटी, हाही गैरसमज. तो काळा थर हवेतल्या गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो आणि अस्सल चांदीवर तो बसतोच.

देवघरातले राणीछाप रुपये चांगल्या चांदीचे आहेत: ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के शुद्धता, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम चांदी. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच उरली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. जुने नाणे लाखो रुपयांना जाते ही बहुधा अफवा असते. त्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे चिन्ह वापरून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

एक ग्रॅम सोन्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांवर मुलामा असतो. १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर अर्ध्या मायक्रॉनचा थर दिला तर सोने लागते ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी. जुन्या मोबाइलचेही तसेच: दहा लाख फोनमधून सुमारे ३४ किलो, म्हणजे एका फोनमागे ०.०३४ ग्रॅम. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने ६२ लाखांहून अधिक मोबाइल आणि सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणे गोळा केली, तेव्हा ३२ किलो सोने मिळाले. हे काम कारखान्याच्या प्रमाणावरच परवडते. जुनी उपकरणे अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावीत.

जे मुशीत घालू नये

नथीत सोने फारसे नसते, पण जुने मोती नैसर्गिक, बसऱ्याचे असू शकतात. मोडीच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य धरली जाते. नैसर्गिक आणि संवर्धित मोती यांतला फरक क्ष-किरण तपासणीत कळतो. मीनाकाम, कुंदनजडाव, अस्सल जरीची पैठणी यांचेही तसेच: मुशीत किंवा जाळात फक्त धातू उरतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि जुन्या वाड्याच्या पायात पुरलेला हंडा ‘सापडेल त्याचा’ होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

विवाहित स्त्रीने ५०० ग्रॅमपेक्षा जास्त सोने ठेवणे गुन्हा आहे, असे ठामपणे सांगितले जाते. अशी कायदेशीर मर्यादा नाही. विवाहित स्त्रीसाठी ५००, अविवाहितेसाठी २५० आणि पुरुषासाठी १०० ग्रॅम हे आकडे ११ मे १९९४ च्या प्राप्तिकर खात्याच्या सूचनेतले आहेत. झडतीत तेवढे दागिने जप्त करू नयेत, इतकाच त्यांचा अर्थ. मोडीवर कर मात्र लागू शकतो, जुने देऊन नवे घेतले तरीही. २४ महिन्यांहून जास्त काळ बाळगलेल्या सोन्याच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. वारशाने आलेल्या दागिन्यात आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतात. ती खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचे प्रमाणपत्र हवे, आणि ते दागिना मुशीत जाण्यापूर्वीच घ्यावे.