गिरणगावच्या अन्नपूर्णा

लालबाग-परळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चटकन काय येतं? लालबागचा राजा! १९३४ पासूनचा हा गणपती टीव्हीमुळे आता गावोगावी पोहोचलाय. पण मैत्रिणींनो, याच भागातल्या चाळींमधून वर्षानुवर्षं चुलीपाशी राबलेल्या बायका मात्र आपल्याला फारशा माहीत नसतात. मला गिरणगावचा इतिहास त्यांच्यापासूनच सांगावासा वाटतो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी निघाली, १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागलं. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा असं गिरण्यांचं जाळंच पसरलं. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून पुरुषमाणसं भोंग्याच्या तालावर जगायला आली. बायको गावी, शेत आणि सासू-सासरे सांभाळायला. इथे एका खोलीत दहा-पंधरा जण. एकाची पाळी संपली की दुसरा उठून त्याला पथारी मोकळी करून द्यायचा.

मग जेवायचं कुठे? शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे! कुणी विधवा, कुणाच्या नवऱ्याची कमाई अपुरी. दोन्ही वेळचं जेवण घालायचं आणि पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. प्रसंगी अंगावरचा डागही गहाण.

१९७३-७४ च्या सुमारास गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, पण पोटाला कुठला संप? या बायकांनी उधारीवर कामगारांना जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. हे जवळून पाहिलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेली, कामगार चळवळीत वाढलेली ही बाई. त्यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. दागिना नाही, घर नाही, मग तारण काय ठेवणार? बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवलं. सावकाराचा फास सैल झाला. बचत गट हा शब्द घरोघरी पोहोचण्याआधीची ही गोष्ट आहे बरं का!

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. कितीतरी जण गावी परतले. एकेक करून गिरण्या बंद पडल्या. खानावळीचं गिऱ्हाईकच उठून गेलं. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले.

गिरणी कामगारांना म्हाडाच्या सोडतीतून घरं देण्याची योजना आली, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागतो. कामगारांची दोन पिढ्या पोटं भरणाऱ्या बाईचं नाव कुठल्या मस्टरवर असणार? तिची पाळी तर कधी सुटलीच नाही, आणि हक्काच्या यादीत ती बसतही नाही. मला हेच फार लागतं.

तुमच्या गावातही कॉलेजच्या मुलांना, बँकेतल्या एकट्या साहेबांना डबे देणारी एखादी ताई असेलच. ‘घरबसल्या चार पैसे मिळवते’ असं म्हणून आपण तिला सोडून देतो. तिला एवढंच सांगा, उधारी वहीत लिही, बँकेत खातं स्वतःच्या नावावर काढ आणि गटात ये. कामाची नोंद असली, तरच उद्या हक्क मागता येतो!