पाठीवर मावेल तेवढेच

आमच्या वऱ्हाडात पन्नाशी ओलांडलेले नवरा-बायको जोडीने बाहेरगावी निघाले की त्याची तीनच कारणे असतात. कुणाचे लग्न, कुणाची मयत, नाही तर अकोल्याचा दवाखाना. यांपैकी काही नसताना निघालात तर शेजारी काळजीने विचारतात, "काय झालं जी?"

आम्हा दोघांचे निमित्त झाले ऑस्ट्रेलियाचे. मेलबर्नला राहणाऱ्या भाच्याने काही छायाचित्रे पाठवली होती. तिकडे तरुण आणि उतारवयाची जोडपी पाठीवर एकेक पिशवी बांधून महिना-महिना हिंडतात. सिडनीसारख्या शहरात सामाईक खोल्यांच्या स्वस्त वसतिगृहात उतरायचे, आपले आपण रांधायचे आणि तिथून बसने जंगलात नाही तर वाळवंटात निघायचे. पत्नीने ती छायाचित्रे दोनदा पाहिली आणि विचारले, "आपण कधी?" मी म्हटले, "आपल्याकडे पासपोर्ट कुठे आहे?" ती म्हणाली, "पाठ तर आहे ना!"

तेल्हाऱ्याला हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुडा दिसतो. जन्मभर तो लांबूनच पाहिलेला. म्हणून ठरवले, अकोला, अकोट, नरनाळा, परतवाडा, सेमाडोह, चिखलदरा. आठ दिवस आणि दोन पिशव्या.

पिशवीचे गणित सोपे आहे. आमच्या वयाला वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे पाठीवर नको. म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा किलो. अंगावरच्या कपड्यांखेरीज दोन सुती जोड, एक चादर, बॅटरी, पाण्याची बाटली, रोजची औषधे, कपडे वाळत घालायला दोरी, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. जड वस्तू पाठीलगत ठेवायच्या, म्हणजे पिशवी मागे ओढत नाही. पत्नीने शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर दोन्ही पिशव्या मोजल्या. तिची पाच किलो, माझी नऊ. मी तीन कवितासंग्रह आणि एक जाड वही भरली होती. त्यातला एक संग्रह आणि वही मी हट्टाने परत टाकली.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. वाहक म्हणाला, "मावशीले अर्धी, काकाले पुरी." त्या दिवसापासून खर्चाचा हिशेब पत्नीने आपल्याकडे घेतला.

अकोला आम्हाला ठाऊक होते ते दवाखाना आणि कापडबाजारापुरते. या वेळी साध्या लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी मोर्णेकाठच्या असदगडावर गेलो. औरंगजेबाच्या काळातल्या असदखानाच्या नावाचा हा किल्ला. इतक्या वर्षांत त्याच्या पायथ्याशी कितीदा गेलो, वर मात्र कधी चढलो नव्हतो.

अकोल्याहून अकोटला रेल्वेने गेलो. ही ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पण आम्हाला आठवत होती ती जुनी मीटरगेज. लग्नानंतरच्या वर्षी आम्ही हिवरखेडहून तिच्यात बसून खंडव्याला गेलो होतो. धूळघाटाजवळ चढ फार. रेल्वेला उभा चढ झेपत नाही, म्हणून तिथे रूळ डोंगराला वळसा घालून आपल्याच रुळावरून पलीकडे जात. खिडकीतून खाली बघावे तर आपण मघाशी सोडलेलेच रूळ! २०१७ साली ती गाडी बंद झाली. अकोटच्या पुढचे रुंदीकरण मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून नको, बाहेरून व्हावे, असा आग्रह वन्यजीवप्रेमींनी धरला. वाघाच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच. तरी अकोट स्टेशनवर आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो.

अकोटहून नरनाळ्याला जायचे म्हणजे पायथ्याचे गाव शहानूर. किल्ला सुमारे ३,००० फूट उंचीवर. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने तो दुरुस्त करून घेतला. वरचा महाकाली दरवाजा पाहायलाच हवा. फिकट वालुकाश्म, त्यावर कोरलेली कमळे आणि वर अरबी शिलालेख. दरवाजा १४८७ चा, फत्तेउल्लाह इमादुल्मुल्कच्या काळातला. हा माणूस मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला, असे इतिहासकार सांगतात; पुढे वऱ्हाडची इमादशाही त्यानेच स्थापली. लहानपणी मदरशात शिकलेली अक्षरे मी बोटाने हवेत गिरवत वाचू लागलो, तर पत्नी कमळांच्या पाकळ्या मोजत होती. दरवाजाचे नाव महाकाली, अक्षरे अरबी, फुले कमळाची. यावर वर आणखी काही बोलण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून, वाटाड्या घेऊन जिप्सीने जंगलात गेलो. वाटाड्या तिशीतला कोरकू तरुण. वाघ दिसला नाही. एका मोठ्या मोकळ्या कुरणात चितळ चरत होते. पत्नी म्हणाली, "किती छान मोकळी जागा!" तो म्हणाला, "मावशी, ते चिचीचं झाड दिसते ना, त्याच्या मांगं आमचं घर होतं."

मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. पुढे गाभ्यातली गावे उठवून खाली वसवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही त्यांतली सुरुवातीची. गाव उठले की शेताचे कुरण होते, हरणे येतात, हरणांमागे वाघ येतो. जंगलाच्या हिशेबाने हे बरोबर आहे. पण त्या तरुणाला आपल्या अंगणात जायला आता परवाना लागतो. पत्नीने त्याला विचारले, "चूल कोणत्या बाजूला होती?" त्याने हात करून दाखवले. नंतर बराच वेळ ती त्याच बाजूला बघत होती.

भाच्याच्या छायाचित्रांत ऑस्ट्रेलियाच्या मध्यातला उलुरू नावाचा प्रचंड लाल खडक होता. तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना तो पवित्र. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने त्या जमिनीची मालकी त्यांना परत दिली. त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली आणि कारभारात वाटा ठेवला. प्रवाशांनी खडकावर चढू नये, ही त्यांची विनंती होती. लोक तरीही चढत. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढणे बंद झाले. आपल्याला रिकामे वाटणारे रान कुणाचे तरी घर असते, हे मान्य करायला तिथेही इतका काळ लागला.

परतवाड्याहून सेमाडोहला गेलो. तिथे सिपना नदी आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या तापीला मिळतात. दक्षिण उतारावरची वान मात्र आपल्याकडे, पूर्णेच्या खोऱ्यात उतरते. पूर्णाकाठचा आमचा मुलूख खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून वान धरणाचे पाणी आमच्या नळाला येते. जे जंगल आम्ही पाहुण्यासारखे बघत होतो, त्याचे पाणी आम्ही इतकी वर्षे पीत होतो.

शेवटचे दोन दिवस चिखलदऱ्याला थंडी आणि कॉफी. महाराष्ट्रात कॉफी पिकते ते हे ठिकाण. जवळच गाविलगड, १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने घेतलेला.

कुणाला जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गाभ्यातले पर्यटन बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी. गडावरून ऊन उतरायच्या आत खाली यावे आणि नेलेले प्लास्टिक परत आणावे. आणि वाटाड्याला वाघाबद्दल विचारण्याआधी त्याच्या गावाबद्दल विचारावे.

घरी परतलो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलेच, "काय झालं जी?" पत्नी म्हणाली, "काही नाही, फिरून आलो." मग माझी पिशवी उलटी केली. दोन्ही कवितासंग्रह जसेच्या तसे निघाले. ती म्हणाली, "पुढच्या वेळी तुमची पिशवी मी भरणार."

पुढच्या वेळी, हे शब्द ऐकून मला फार बरे वाटले.